खानावळीला संदर्भ कुठून आणायचा?

गेल्या रविवारी दादरला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होते. ऑनलाइन ज्ञानकोशात नव्याने लिहू लागलेल्यांना आम्ही काही जण अधूनमधून शिकवतो... संदर्भ कसा द्यायचा, कॉपी-पेस्ट का करायचं नाही, वगैरे. चहा-बिस्किटांवर चालणारं काम आहे, पण हा रविवार काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

आपल्याकडे एक जगावेगळी समजूत आहे. कुणाचाही लेख अख्खाच्या अख्खा उचलायचा, खाली 'साभार' लिहायचं... की धुतलं पाप! व्हॉट्सॲपने ही सवय इतकी मुरवलीय की दर कार्यशाळेत मी त्यावर घसा कोरडा करते. या वेळच्या मानकरी होत्या विजयाताई.

विजयाताई लालबागच्या, बँकेतून रिटायर झालेल्या. विषय घेऊन आल्या होत्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचा. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर ज्यांच्याकडे जेवायचे, त्या बायका. ताईंची आईही त्यांच्यातलीच, आता नव्वदीला टेकलेली. आज लेखात तुझं नाव येणार, असं आईला सांगूनच त्या घरातून निघाल्या होत्या.

आणि चहा यायच्या आत त्यांचा लेख चढलासुद्धा! भाषा अशी घोटीव, की म्हटलं कुठेतरी पाणी मुरतंय. मुरत होतंच... त्यांच्या गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेतला लेख जसाच्या तसा, मध्ये आईबद्दलची एक ओळ घुसवलेली, आणि तळाला ठसठशीत 'साभार'.

स्मरणिका मंडळाच्या वेबसाइटवरही होती. त्यामुळे थोड्याच वेळात कुठल्यातरी गावच्या, आम्ही कधीही न पाहिलेल्या एका संपादकाने लेखावर पाटी लावली : प्रताधिकार भंग, लेख काढून टाकावा.

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी चोरी केली काय गो? आमच्याच मंडळाची स्मरणिका, वर्गणी आम्ही भरतो!"

मी म्हटलं, ताई, वर्गणी गणपतीची... लेख मात्र ज्याने लिहिला त्याचाच. माहिती सगळ्यांची असते, वाक्यं लिहिणाऱ्याची असतात. ती त्याच्या परवानगीशिवाय उचलली, तर खाली 'साभार' लिहा नाहीतर साष्टांग नमस्कार घाला, काही उपयोग नाही.

मला वाटलं, आता या पर्स उचलून जाणार. पण बाई हट्टी! खालून कामगारांवरची जुनी पुस्तकं मागवली आणि चष्मा लावून बसल्या. वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि मगच आपल्या शब्दांत लिहायचं, एवढी एक युक्ती मी सांगितली होती. दुपार कलेपर्यंत मोजक्याच ओळी झाल्या, पण प्रत्येक ओळीमागे पुस्तकाचं नाव आणि पान... आणि भाषा अगदी त्यांची स्वतःची.

त्या अनोळखी संपादकाने येऊन पाटी काढली. जाता जाता शुद्धलेखनाच्या दोन चुकाही नीट करून गेला. ना ओळख ना पाळख, कुणी एक पैसा देत नाही, आणि ही माणसं रविवारची सुट्टी घालवून दुसऱ्याचा लेख निगुतीने सांभाळतात... मला याचं दरवेळी नव्याने नवल वाटतं.

उरली आईची ओळ. तिच्याबद्दल छापील अक्षर कुठेच नव्हतं... ना पुस्तकात, ना पेपरात. म्हणजे संदर्भ द्यायला काहीच नाही. खरं सांगते, माझंच मन विरघळलं. म्हटलं, राहू द्या हो ताई, एका ओळीने काय होतंय...

ताईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं! "आणि उद्या दुसरं कोणी स्वतःच्या आईबद्दल काहीबाही लिहील, त्याला कुठल्या तोंडाने अडवणार?" असं म्हणून त्यांनीच ती ओळ काढून टाकली. त्या एका ओळीसाठी तर बाई आली होती हो!

मग त्यांनी आईला फोन लावला. आईला ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर. ताईंनी सगळा लेख मोठ्याने वाचून दाखवला आणि हळूच सांगितलं की तुझं नाव नाही आलं.

पलीकडून नावाबद्दल चकार शब्द नाही. म्हातारी थेट मुद्द्यावर! "रात्रपाळीवाल्यांचो डबो येगळो असायचो. ता नाय लिवलंस?"

"आये, ता खंयच्याच पुस्तकात नाय गो. पुस्तकात नाय तर हय चालत नाय."

मग फोनमधून खणखणीत आवाज आला, "तर मगे तू लिव मा पुस्तक! मी आसय तवसर लिव."

मी आहे तोवर लिही! स्वतःचं नाव नाही म्हणून रुसणं नाही की रडणं नाही, उलट लेकीला सरळ कामाला लावून मोकळी! काय ही माणसं असतात, कुठल्या मातीची!

विजयाताईंनी डोळे पुसले. स्मरणिका छापणाऱ्याचा नंबर आपल्याकडे आहे, आईच्या वेळच्या आणखी दोघी-तिघी अजून आहेत, त्यांच्याकडेही उद्यापासूनच जायचं... असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी पिशवी आवरली.

जिना उतरताना मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "पुस्तक आलं की त्याचा संदर्भ मी लेखात दिला तर चालेल गो? का दुसऱ्या कोणी द्यायचा?"

आपल्याच पुस्तकाचा दाखला दुसऱ्या कोणी दिलेला बरा, मी म्हटलं. आईच्या नावाची ओळ मी घालेन, ताई... पान नंबरासकट.