चार नंबरच्या कॉटचा पेशंट

माझ्या मामांइतका हट्टाने हरणारा माणूस अख्ख्या शहाद्यात शोधून सापडणार नाही. खेळ एकच, दवाखान्याचा. तोही टीव्हीला जोडायच्या, कॅसेटवर चालणाऱ्या एका पुराणकालीन कॉम्प्युटरवर, जो मामांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मुलाने टाकून दिला आणि मामांनी उचलून आणला. कॅसेट लावली की पाच मिनिटं नुसती किंचाळते, मग पडद्यावर सहा कॉट उगवतात. पायवाली इंजेक्शनं अंगावर धावून येतात, बेडपॅन उडत येतात आणि त्यांतून वाट काढत पांढऱ्या टोपीच्या नर्सने औषध पोचवायचं. लाल पेशंट औषधाने पिवळा होतो. मग त्याला दाराबाहेर काढला की गुण मिळतात. मामा काढतच नाहीत. जन्मभर कंपाउंडरकी केलेला हा माणूस चपला बाहेर काढून खेळायला बसतो, पेशंट झोपलेत म्हणून मला धड खोकूही देत नाही, आणि शेवटी गुण शून्य.

त्यांची खरी तक्रार वेगळीच आहे. त्यांच्या दवाखान्यात तोरणमाळहून पेशंट उतरला की एक कॉटवर, तिघं कॉटखाली आणि चूल आवारात, अशी वस्तीच पडायची. या खेळात कॉटखाली कोणीच नाही. "कसा दवाखाना शे हाऊ?" मामा चिडतात. "एकना बी जोडे माणूस नही!" मग ते स्वतःच पेशंटजवळचं माणूस होतात. खेळ थांबवून, चार नंबरच्या कॉटसमोर खुर्ची ओढून, मांडीवर ताट घेऊन जेवतात. मी पूर्वी फार हसायचो. मामी वारली ती सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात, चार नंबरच्या कॉटवर; आत कोणाला सोडत नव्हते, म्हणून बारा दिवस मामा काचेबाहेर उभे होते. हे माहीत असूनही हसायचो, याची आता लाज वाटते.

परवा मोतीबिंदूसाठी मामा नंदुरबारला निघाले. कॉम्प्युटर बंद झाला की सगळे पेशंट पुसले जातात, म्हणून चार नंबरकडे बोट दाखवत मला बसवलं. "दोन दिन याना जोडे बठ. त्याले एकला सोडू नको." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. आली तेव्हा पडदा कोरा. चार वेळा कॅसेट किंचाळवली तेव्हा कुठे खेळ उभा राहिला. चार नंबरवर जुन्या पिवळ्याच्या जागी लालबुंद, नवा पेशंट.

मामा आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. चपला काढल्या आणि उघडा डोळा पडद्याजवळ नेला.

"हाऊ नवा शे."

"हां मामा. पहिला बरा हुई गया. घर गया."

त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर थांबला. "लेवाले कोन उनं व्हतं?"

न्यायला कोण आलं, याचा मी विचारच केला नव्हता, तरी इतकं चटकन खोटं मी आयुष्यात बोललो नसेन. "त्यानी बायको."

मामा हळूच खाली बसले. "चांगलं झायं," म्हणाले. मग चार नंबरकडे पाहत त्यांनी मला आतून दुसरी खुर्ची आणायला सांगितली. मी आणली आणि त्यांच्या शेजारी टाकून बसलो.