मातीला देणगीदार मिळेना

रोझमेरी तुस्कानोच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात: घाम गाळणारी आणि नुसती रुमालानं कपाळ पुसणारी. कॉलेजच्या संस्थेचे सगळे विश्वस्त तिनं दुसऱ्या प्रकारात टाकले होते आणि तिथून वर यायची सोय कुणालाच ठेवली नव्हती.

ती वसईतल्या गास गावची, बर्नार्ड वाडीवाल्याची मुलगी. गावाजवळच्या याच छोट्या कॉलेजात शिकली, याच मैदानावर आठशे मीटर धावली, विद्यापीठाचं पदक आणलं आणि शेवटच्या वर्षी मांडवाच्या बांबूसाठी खणलेल्या खड्ड्यात पाय अडकून गुडघा कायमचा घालवून बसली. पुढे तिथंच खेळाची शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, की सांगायची, “मला शिट्टी वाजवून माणसं हलवायची सवय. घरात कोण ऐकून घेईल?” मुलं तिला रोझमेरी मिस म्हणत आणि तिच्यासमोर चप्पल फरफटत चालायची कुणाची छाती नव्हती.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्यानं काढली त्यानं हे मैदान पाहिलेलं नसणार. इथं अंगण खरोखरच वाकडं होतं. पावसाळाभर तळं साचे आणि शेजारच्या वाडीतली बदकं बिनधास्त उतरत. तळं आटलं की लग्नसराई सुरू. संस्था मैदान लग्नांना भाड्यानं देई, कारण वसईत लग्न म्हटलं की आठशे-हजार पानं उठणार, आणि एवढी माणसं हॉलमध्ये मावत नाहीत. आज चर्चमधल्या लग्नाचा बँड, उद्या हळदीचा डीजे. धर्म बदलले तरी खड्डे तेच. मांडव उठला की दुसऱ्या दिवशी मुली ओळीनं वाकून खिळे, सुंभाचे तुकडे आणि कोंबडीची हाडं वेचत, आणि मग धावत. दर वर्षी एखादीचा घोटा सुजे. संस्थेला विचारलं की उत्तर ठरलेलं: “बघू, निधी आला की करू.”

एप्रिल संपला की रोझमेरी निवृत्त होणार होती. त्याआधी तिला एकच गोष्ट करून जायची होती. मैदान सपाट करायचं, पाणी निघून जाईल असे नळ खाली घालायचे, वर मुरूम आणि तांबडी माती टाकून रोलर फिरवायचा, आणि दोनशे मीटरचा साधा मातीचा ट्रॅक आखायचा. परदेशी गालिचा नको, काही नको. आपल्यासारखा दुसऱ्या कुठल्या पोरीचा गुडघा तिथं जाऊ नये, एवढंच. हे झालं नाही तर नोकरीची सगळी वर्षं आपण नुसती शिट्टी वाजवली, असं तिला मनापासून वाटत होतं.

योगायोगानं त्याच वर्षी कॉलेजला पन्नास वर्षं झाली. प्राचार्य ज्ञानदा मॅडमनी ‘क्रीडांगण विकास समिती’ काढली आणि माजी विद्यार्थ्यांना आवाहन केलं. पहिल्या सभेला गर्दी झाली, समोसे झाले, ‘खेळाडू हीच आपली संपत्ती’ अशी भाषणं झाली. भाषण करणाऱ्यांपैकी एकाला तरी खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागला नाही का, हे रोझमेरी मागे बसून बघत होती. सगळ्यांना लागला.

पण पैसे आले, हे मान्य करायला हवं. समितीचे अध्यक्ष पांडुरंगशेठ चुरी, रेती-सिमेंटचे व्यापारी, यांनी आईच्या नावानं कमान दिली. कुवेतहून परतलेल्या थॉमसनं वडिलांच्या नावानं बसायच्या पायऱ्या आणि वर छप्पर दिलं. नायगावला टॉवरमध्ये दुकानं असलेल्या भावेशभाईंनी आजोबांच्या नावानं पाणपोई दिली. मग दिवे आले, बाकं आली, ध्वजाचा चौथरा आला, आणि कमानीपासून पाणपोईपर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट आली. प्रत्येक वस्तूवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी, पाटीवर सोनेरी अक्षरं, आणि अक्षरांखाली देणगीदाराचं नाव दिवंगत माणसाच्या नावापेक्षा किंचित मोठं.

मैदान मात्र होतं तसंच. घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथं. जमिनीला, म्हणजे मुरमाला, नळांना, मातीला, एकही देणगीदार मिळेना.

कारण रोझमेरीला पांडुरंगशेठच्या पेढीवर कळलं. ती स्पष्टच विचारायला गेली होती, “शेठ, कमान कशाला? आईच्या नावानं मैदानच करा की. त्याहून मोठं काय आहे?”

शेठनं कानाच्या पाळीला हात लावला. “मिस, काय बोलताय? आईच्या नावावर पोरं बुटं घालून नाचनार? थुकनार, घाम गालनार? पुस्तकाला पाय लागला तर आपन पाया पडतो, आनि ही तर जन्मदाती.”

“नाव मातीवर कोण लिहितंय? पाटी भिंतीला लावू. उंच.”

“पाटी भिंतीला, पन पाय तर तिच्यावरच ना. नाय मिस, आपल्याला ते नाय जमनार.”

थॉमसनं हेच इंग्रजी शब्द घालून सांगितलं. भावेशभाईंनी हात जोडून सांगितलं, “मिस, दादाजी के ऊपर दौड़ना? घरात मला कोणी जेवायला नाही देणार.” आणखी चौघांनी तेच सांगितलं. धर्म वेगळे, जाती वेगळ्या, पण या बाबतीत अख्ख्या वसईची एकी झालेली. आई-बाप जिवंत असताना ज्यांना मागच्या खोलीत टाकलं, त्यांच्या नावाला आता धूळ लागून चालणार नव्हती. पांडुरंगशेठची आई शेवटची दोन वर्षं लेकीकडे राहिली होती, हे गासमध्ये कुणाला माहीत नव्हतं? पण कमान पंचवीस फुटांची झाली. आई गेल्यावर उंच झाली.

उद्घाटन जानेवारीत झालं. पाहुणे कमानीखालून आले, पेव्हर ब्लॉकवरून चालले, छपराखाली बसले, पाणपोईचं पाणी प्यायले. मैदानावर एकाचंही पाऊल पडलं नाही. मुलींची शंभर मीटरची शर्यत ठरली होती, पण डिसेंबरच्या लग्नांचे खड्डे तसेच असल्यामुळे ज्ञानदा मॅडमनी सुचवलं, की शर्यत पेव्हर ब्लॉकच्या वाटेवरच घ्यावी, फोटोही चांगले येतील. रोझमेरीनं शिट्टी खिशात घातली आणि म्हणाली, “मॅडम, त्यापेक्षा लग्नाची वरात काढू. या वाटेला तीच शोभेल.” शर्यत झाली नाही. फोटो मात्र झाले.

त्या दिवशी घरी येऊन ती चपला न काढताच ओट्यावर बसली. तिची आई क्लेमेंटीन नव्वदीकडे झुकलेली, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. तिनं विचारलं, “काय झालाय तुला?” रोझमेरीनं सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली आणि म्हणाली, “तुजा बा तर तितंच मेहनत करी. माती कोनी दिली ओती, इचार त्यांना.”

हे खरं होतं. रोझमेरी कॉलेजात धावत होती तेव्हा दर दिवाळीनंतर बर्नार्ड स्वतःच्या केळीच्या वाडीतली माती बैलगाडीनं आणून त्या खड्ड्यांत टाकी आणि बैलांना फळी जुंपून जमेल तेवढं मैदान सारखं करी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आभार मानले नव्हते. पोरगी धावते, एवढंच त्याला कारण पुरे होतं. ज्या वर्षी त्याला दम्यानं झोपवलं आणि माती पडली नाही, त्याच वर्षी तिचा गुडघा गेला. बापानं मरेपर्यंत स्वतःला दोष दिला. लग्नाच्या मांडववाल्यांनी किंवा संस्थेनं एक अक्षर काढलं नाही.

रोझमेरीनं रात्रीच्या जेवणाआधीच ठरवलं. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. निवृत्तीचे पैसे येणार होते, आणि विहिरीजवळचा वाडीचा तुकडा विकल्याचेही काही बँकेत होते. मायलेकींना पुरून उरण्याइतकं राहिलं असतं. आईला विचारलं, तर क्लेमेंटीन म्हणाली, “दे. पन त्याचा नाव टाक.”

“नावावर पाय पडतील, आय.”

“पडू दे. जिता असताना तो काय खांद्यावर बसून फिरत ओता?”

पुढच्या समितीच्या बैठकीत रोझमेरी उठली आणि सांगून टाकलं: मैदान ती स्वतः करून देईल, सगळं, आणि मैदानाचं नाव ‘बर्नार्ड तुस्कानो क्रीडांगण’. पाय पडले तर पडोत, तिच्या बापाला मातीचं वावडं नव्हतं.

चहाचे कप ओठांपर्यंत येऊन थांबले. आनंदानं थांबले असं आधी तिला वाटलं. मग तिनं चेहरे पाहिले.

थॉमस चष्मा पुसत म्हणाला, “म्हणजे प्रवेशद्वारावर काय लिहिणार? बर्नार्ड तुस्कानो क्रीडांगण?”

“अर्थात.”

“मग आमची कमान?” पांडुरंगशेठ सरसावून बसले. “आईची कमान काय वाडीवाल्याच्या मैदानाचा दरवाजा हाय?”

“आणि पायऱ्या?” थॉमस म्हणाला.

भावेशभाई फक्त म्हणाले, “पाणपोई पण त्याच्यातच येणार.” त्यांच्या आवाजात दादाजींसाठी खरोखरचं दुःख होतं.

आता त्यांना दिसलं. त्यांनी आई-बापांच्या नावानं खुर्च्या, दारं, दिवे उभे केले होते, आणि घर दुसऱ्याच्याच नावावर जाणार होतं. तेही कुणाच्या, तर टोपलीतून केळी विकणाऱ्या बर्नार्डच्या. अस्सल सरंजामी तडफडाट होता तो, आणि रोझमेरीला तो बघताना गंमत वाटली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ज्ञानदा मॅडम घाईनं म्हणाल्या, की विषय फार मोठा आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. वर्षानुवर्षं त्यांनी असेच विषय झोपवले होते.

पण हा विषय झोपला नाही. आठवड्याच्या आत समितीची तातडीची बैठक बसली आणि तीत ठराव झाला: मैदानाच्या जमिनीचं काम सर्व देणगीदार समान वाटणीनं करतील, आणि मैदानाला कोणत्याही व्यक्तीचं नाव कधीही दिलं जाणार नाही. वर्षभर एका टोपलीभर मातीला जे तयार नव्हते, त्यांनी मागेपुढे न बघता चेक लिहिले. बर्नार्डचं नाव लागू नये यासाठी लागतील तेवढे पैसे होते. पांडुरंगशेठनी मुरमाचे डंपर स्वतः उभं राहून खाली केले. फेब्रुवारीत नळ पडले, मार्चमध्ये तांबडी माती पसरली, रोलर फिरला, चुन्याच्या रेघा पडल्या. मैदानावर लग्नं बंद, असंही ठरावात आलं, कारण स्वतःचा पैसा गेल्यावर माणसाला खड्डा दिसू लागतो. एप्रिलमध्ये मुली धावल्या. कुणाचा घोटा सुजला नाही.

“काय डाव टाकलास, रोझमेरी,” स्टाफरूममध्ये सगळे म्हणू लागले. “असा सापळा लावलास की उंदीर स्वतः पिंजरा विकत घेऊन आले.” ज्ञानदा मॅडमनी तिचा हात दाबला आणि कौतुकानं डोळा बारीक केला. ती हसली. सांगायचं काय आणि कुणाला? मैदान हवं होतं, ते मिळालं होतं. पण घरी क्लेमेंटीननं चर्चच्या बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं, की आमच्या ह्यांचं नाव लागणार, आणि त्या दिवसासाठी ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकून घेतलं होतं. रोझमेरीनं तिला ठराव समजावून सांगितला तेव्हा म्हातारीनं लुगड्याची घडी घातली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. रोझमेरीला ते सहन झालं नाही. ज्यांच्या पाट्यांना ती वर्षभर हसली होती, त्यांच्याइतकीच आपणही एका पाटीसाठी तळमळतो आहोत, हे तिला कळलं, आणि कळूनही तळमळ कमी झाली नाही.

निरोप समारंभ नव्या मैदानावर झाला. क्लेमेंटीनला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. पांडुरंगशेठ माइकवर आले. “मिसनं आमाला बरोबर गाठला,” ते मोकळेपणानं म्हणाले. हरलेला माणूसही चेक दिल्यावर उदार होतो. “बापाच्या नावाचा असा बॉल टाकला, की आमी सगलेच क्लीन बोल्ड. असा डोका पायजे.” टाळ्या पडल्या. थॉमस तर उभा राहिला.

मग रोझमेरीला बोलायला सांगितलं. तिनं माइक हातात घेतला, समोरच्या तांबड्या मातीकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते तिचा आवाज खाली आला.

“तो डाव नव्हता,” ती म्हणाली. “मी खरंच पैसे देणार होते. मला माझ्या बाचं नाव हवं होतं.”

सगळं मैदान हसलं. मिसची शेवटपर्यंत खोड गेली नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा उसळला. विश्वस्त हसले, मुली हसल्या, ज्ञानदा मॅडमनी डोळ्यांच्या कडा पुसल्या. एकटी क्लेमेंटीन हसली नाही. ती लेकीकडे बघत होती, आणि लेक माइक कुणाच्या तरी हातात देऊन तिच्या शेजारी येऊन बसली.