सेफ्टी फिल्ममधला ट्विस्ट

रविवार, १७ नोव्हेंबर. काम: उत्तरपत्रिका तपासणे.

अडतीस होत्या. आमची कंपनी हॉटेलांच्या आणि वसाहतींच्या मैल्याच्या टाक्या साफ करते. यार्ड ओमानमध्ये, बरक्याला आहे आणि तिथलं सेफ्टी ट्रेनिंग माझ्याकडे. सकाळी माणसांना नवी फिल्म दाखवली होती. सात मिनिटांची, हिंदीत. नंतर पाच प्रश्न. तिसरा प्रश्न होता: टाकीत उतरण्याआधी काय तपासाल? अकरा जणांनी लिहिलं होतं, वास.

मी पेन खाली ठेवलं.

मैल्याच्या टाकीत एक विषारी वायू साठतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तर नाकच बधिर होतं आणि काहीच कळत नाही. माणूस टाकी साफ आहे असं समजून उतरतो आणि दोन-चार श्वासांत पडतो. म्हणून नियम असा आहे की दोरीला गॅस मीटर बांधून खाली सोडायचा, आकडा वाचायचा, आणि मगच परमिट, म्हणजे उतरण्याची लेखी परवानगी.

फिल्ममध्ये हे होतं, पण अगदी शेवटी. स्क्रिप्ट माझी होती. शेवटाची कल्पना इकबालभाईंची. ते आमचे ऑपरेशन्स मॅनेजर, मूळचे रत्नागिरीचे, सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये लागोपाठ दोन सिनेमे बघणारे. फिल्ममधला हसतमुख कामगार कॅमेऱ्याकडे बघून आपली पद्धत सांगतो. झाकण उघडा, पाच मिनिटं थांबा, वास घ्या, नाही आला तर यल्ला, उतरा. शेवटच्या वीस सेकंदांत कळतं की तो त्याच दिवशी टाकीत मेलेला आहे. इतका वेळ आपल्याशी बोलत होता तो मेलेला माणूस. मग पडद्यावर मीटर येतो आणि फिल्म संपते. मंजुरीसाठी दाखवली तेव्हा क्लायंटच्या ऑफिसात लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मलाही शेवट आवडला होता, हे कबूल करते.

अकरा जणांत पवारचं नाव होतं, म्हणून मी दचकले. पवार फिटर, गुहागरचा, यार्डातला सगळ्यांत काळजीपूर्वक काम करणारा माणूस. त्याला बोलावून विचारलं. त्याने खिशातली डायरी काढून दाखवली. प्रत्येक ट्रेनिंगला तो सगळं लिहून घेतो. सुवाच्य अक्षरात चार ओळी होत्या. झाकण, पाच मिनिटं, वास, उतरणे.

“शेवटचं का नाही लिहिलंस?”

“शेवटी स्टोरी होती ना मॅडम. तो मेलेला निघाला. मग पेन बंद केलं नि बघत बसलो.”

“आणि मीटर?”

“मीटर होता त्यात?” मग माझा चेहरा बघून म्हणाला, “पण शेवट जाम भारी होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एका हॉटेलच्या टाकीचं काम होतं. उतरणाऱ्यांत पवार पहिला.

मी तशीच इकबालभाईंच्या केबिनमध्ये गेले. आधी ते म्हणाले की माणसांनी नीट बघितलं नाही. मी डायरीतल्या चार ओळी वाचून दाखवल्या. इतकं नीट कुणीच बघितलं नव्हतं. मग त्यांचं म्हणणं असं की झटका बसला की माणूस जन्मभर विसरत नाही. ते खरं होतं. कुणीच विसरलं नव्हतं. पण त्यांच्या लक्षात झटका राहिला होता, मीटर नाही.

“ट्विस्टसाठी आपण सहा मिनिटं चुकीची गोष्ट पटवून देतो,” मी म्हटलं. “ती वीस सेकंदांत पुसली जात नाही. सिनेमा आवडला तर तुम्ही परत बघता, तेव्हा सगळं जुळतं. आपली माणसं एकदाच बघतात आणि कामाला जातात.”

“म्हणजे आता काय? क्लायंटने पास केलीय ती. खलास झालं ते काम.”

“शेवट पहिला आणणार.”

“ओ मॅडम, तो मेलाय हे आधीच कळलं तर बघणार कोण?”

“बघतील. आणि क्लायंटचं म्हणत असाल तर परमिटवर सेफ्टीची सही माझी असते. नवी फिल्म दाखवल्याशिवाय उद्या ती मिळणार नाही.”

मग क्लायंटला फोन लावायला त्यांनी मोबाइल उचलला. मी बाहेर आले.

जेवणानंतर एडिटिंगला बसले. मृत्यूचा सीन उचलून सुरुवातीला लावला. शूटिंगमध्ये घेतलेले मीटरचे दोन शॉट फिल्म रेंगाळते म्हणून आम्ही काढून टाकले होते, ते परत घातले. चुकीच्या प्रत्येक पायरीवर लाल फुली टाकली. पाचला इकबालभाईंना दाखवली. क्लायंट तयार झाला होता. ते स्वतः नाराज होते. सगळी मजाच गेली म्हणाले. मजा गेली होती, यात वाद नाही.

ट्विस्टमुळे सिनेमा चांगला होतो की वाईट, यावर आमच्या ऑफिसात अजून वाद होतात. माझं मत एवढंच आहे की आधी बघणारा पुढे कुठे जाणार ते विचारावं. घरी जेवायला जाणार असेल तर खुशाल ट्विस्ट ठेवावा.

सोमवारी साडेसहाला यार्डाच्या शेडमध्ये मी सगळ्यांना नवी फिल्म दाखवली. नायक वाकून वास घ्यायला लागला तेव्हा मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, “अबे, मीटर लगा पहले.” बाकीचे हसले. मी प्रश्नपत्रिका वाटल्याच नाहीत. सरळ हॉटेलवर गेलो. पवारने दोरी सोडली. निम्म्यावरच मीटर वाजायला लागला. मी परमिट फोल्डरमध्ये परत ठेवलं, टाकीत ताजी हवा सोडणारा ब्लोअर लावायला सांगितला आणि इकबालभाईंना फोन करून कळवलं की दोन तास उशीर होईल. दहा वाजता आकडा शून्यावर आला. तो मी स्वतः दोनदा वाचला आणि सही केली.