शतकाचा आहेर

इंग्लंडातल्या एका पट्टीच्या फलंदाजाला मी एका दिवसात इतक्या वेळा आउट होण्यापासून वाचवलंय, की त्याच्या सख्ख्या आईनंबी तेवढं वाचवलं नसतं. आहे का असा दुसरा माणूस सगळ्या जालना जिल्ह्यात? न्हाई! आणि नसलेलाच बरा. असला गाढवपणा करायला एक म्हातारा बिलकुल पुरतो.

तर काय झालं, आमची शीतल शिकायला तिकडं गेल्ती, आणि तिकडचाच पोरगा पसंत करून बसली. लग्नबी तिकडंच उरकलं. मागच्या हिवाळ्यात ती नवऱ्याला घेऊन गावाकडं आली आणि संगं सासऱ्यालाबी आणलं. म्हणजे माझे व्याही. नाव हेन्री. बदनापूर स्टेशनावरून घरी येईस्तोवर गावानं त्याचं हेनरीराव करून टाकलं.

माणूस कसा? उंच, केस पांढरेशुभ्र, घटकाभर उन्हात थांबला की टमाट्यासारखा लाल. आणि बोलणं एकदम कमी. माझं उलटं, तुम्हाला तर माहीतच आहे.

आमच्या गयाबाईनं पहिल्या दिवशीच मला चुलीपाशी बोलावून दम दिला. "अवो, जावयाला ठेचा भाजी म्हणून वाटीभर वाढला, तेवढं पुरं झालं. व्याह्यासंगं चेष्टा न्हाई करायची. पोरगी नांदायची हाय तिथं!"

"अगं, मी काय लहान हाय का?"

"लहान असते तर दोन लावल्या असत्या."

संध्याकाळी ओट्यावर बसलो. हेनरीराव मेंढरं बघून राह्यले होते, मी हेनरीरावांना. शीतलला विचारलं, "तुझा सासरा करायचा काय गं?"

"आबा, ते कौंटीकडून क्रिकेट खेळायचे. सलामीला."

"कौंटी म्हणजे?"

"तिकडचा जिल्हा समजा."

"म्हणजे आपण जालना जिल्ह्याकडून खेळावं तसं?"

"हां, पण तिथं तेच काम असतं. उन्हाळाभर खेळायचं. हिवाळ्यात मैदान बंद, मंग ते लाकडाच्या वखारीत जायचे."

मला माणूस एकदम जवळचा वाटला. आमच्या वडलांचंबी मेंढरांमागं असंच हंगामी होतं.

"आणि देशाकडून?"

"न्हाई आबा. बोलावणं आलंच न्हाई. सगळी उमर एकाच कौंटीत गेली. थंडी, पाऊस, बघायला गोधड्या पांघरून बसलेली चार म्हातारी माणसं. शेवटच्या सामन्यात शतकाला दोन रन कमी होते. चेंडू बॅटला जरासा चाटून किपरच्या हातात गेला. अंपायरला ऐकू गेलं न्हाई, कोणी ओरडलंसुद्धा न्हाई. हे आपलेच बॅट काखेत मारून परत आले."

मी उठून उभाच राहिलो. "आपलेच? अंपायरनं न सांगता?"

शीतल पुढंबी काहीतरी सांगून राह्यली होती, की लोक अजून त्यांना त्याच गोष्टीसाठी मान देतेत वगैरे. पण माझं ध्यान कुठं होतं! माझ्या डोक्यात एकच. बिचाऱ्याचं शतक राह्यलं!

आता तुम्हीच सांगा. लग्न परदेशात झालेलं, व्याह्याचा आहेर राहिलेला. फेटा-कपडा तर कोणीबी देतं. पण व्याह्याला त्याचं राहिलेलं शतक आहेरात देणारा मुलीचा बाप कोणी ऐकलाय का? एकुलती एक पोरगी सात समुद्रापल्याड नांदायची. सासऱ्यानं तिकडं चार माणसांत म्हणायला पाहिजे, की आमचे व्याही म्हणजे दिलदार माणूस!

दुसऱ्या दिवशी मोसंबीच्या बागेपलीकडं मोकळ्या रानात मॅच लावली. गावातल्या गावात दोन टीम. अंपायर मी. पळवत न्हाई, पण बोट अजून बराबर वर होतं. सगळ्यांना बागेत गोळा करून बजावलं, "हेनरीराव आउट झाले न्हाई पाहिजेत. ज्यानं आउट केलं, त्याला रातच्या मटणाच्या जेवणाला बोलावणं न्हाई."

आमचा बबन लई जोरात टाकतो. तो कुरकुरला, "आबा, मंग मी चेंडू टाकू का अक्षता?"

"अक्षताच टाक. व्याही हायेत."

हलगीवाल्यालाबी शिकवून ठेवलं. शतक झालं की फलंदाज डोक्यावरची टोपी काढून लोकांना दाखवतो, हे टीव्हीवर बघितलेलं. म्हणलं, पाहुण्यानं टोपी काढली की सुरू हो, मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं न्हाई.

हेनरीराव आले. मी फेटा पुढं केला, तर त्यांनी हसून तो शीतलकडं दिला आणि खिशातून एक जुनी, विटलेली टोपी काढून घातली. कौंटीची. आणि काय सांगू, टोपी घातली आणि म्हातारा पंचविशीचा झाला की! काय ते पाऊल पुढं टाकणं, काय तो बॅटचा आवाज! पहिले बरेचसे रन खरेच होते, मी शपथेवर सांगतो.

पण उमर हाय ना. दम लागला, नजर चुकली, आणि बबनच्या अक्षतेनं मधला दांडा उडवला.

मी ओरडलो, "नो बॉल!"

हेनरीराव पडलेल्या दांड्याकडं बघून राह्यले. मंग माझ्याकडं. मी आभाळात घारी बघितल्या.

मंग सोपा झेल इस्माईलकडं गेला. आमचा किपर. त्यानं तो असा सोडला, की स्वतःच तीन कोलांट्या खाऊन बागेच्या कुंपणात जाऊन पडला. मी म्हणलं, लेका, सोड, पण इतका नको सोडू! सीमेवर धाकट्या पुतण्यानं विसरून एक झेल घेतला, आणि माझं तोंड बघून चेंडू विस्तवासारखा फेकून दिला. रन जमेनात, तेव्हा चुन्याची सीमारेषा चहाच्या सुट्टीत आम्ही इतकी आत आणली, की तिथं उभा राहणारा बबनला चंची मागू शकत होता.

एकदा हेनरीराव धावबाद झाले. अर्ध्या वाटेत होते, काही वादच न्हाई. बॅट काखेत घेऊन निघाले. मी पळत गेलो, हाताला धरलं आणि पंगतीत पाहुण्याला बसवतात तसं परत आणून उभं केलं. "अवो, असं कसं, अजून थोडं, माझ्यासाठी!"

गयाबाई कडेला बसल्या बसल्या बोललीच, "लोक जिलेबीचा आग्रह करतेत. आमचं माणूस रनांचा करून राह्यलंय."

झालं! शतकाला एक रन राहिला. सगळं गाव उभं. हार तयार. माझे डोळे भरून आलेले, खोटं न्हाई सांगत. बबननं चेंडू टाकला, बॅटला जरासा चाटला, आणि इस्माईलनं दिवसभरात पहिल्यांदाच, सवयीनं, पकडला! पकडला आणि जल्दीनं सदऱ्यात लपवला.

कोणी ओरडलं न्हाई. मी मान हलवली. काही न्हाई झालं, चालू द्या.

हेनरीरावांनी माझ्याकडं बघितलं. बॅट काखेत मारली. दोन पावलं आले, माझ्यापुढं थांबले, आणि डोक्यावरची टोपी काढून मला नमस्कार केला.

टोपी काढली म्हणल्यावर हलगी कडाडली! हार पडला, गुलाल उधळला, गाव नाचायला लागलं. आणि मधोमध आउट झालेला माणूस, गुलालानं लाल, उभा. मी "थांब! थांब!" ओरडून राह्यलो, तर हलगीवाल्याला ऐकू जाईना. ऐकू जाईल कसं, तोच तर वाजवून राह्यला होता!

हलगी थांबली तेव्हा शीतल माझ्यापुढं उभी होती. डोळे तिच्या आईसारखे.

"आबा, तुम्ही हे काय केलं? अंपायरनं आउट दिलं नसताना आपलेच निघून आले, म्हणून तर त्यांना लोक मानतेत. तेवढी एकच गोष्ट ते अभिमानानं सांगतेत. आणि तुम्ही त्यांना दिवसभर चोरीचा माल वाढला?"

म्हणलं, गेली इज्जत. व्याही आता उद्याच्याच गाडीनं जातेत. मी सगळं सांगून टाकलं, आहेराचंबी. शीतलनं त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं. हेनरीराव मिशीतल्या मिशीत हसले, गुलालाचा हात माझ्या खांद्यावर ठेवला, बॅट माझ्या हातात दिली, आणि आपण जाऊन अंपायरच्या जागेवर उभे राह्यले.

म्हणलं, सुटलो! माणूस दिलदार हाय. आहेराला परतीचा आहेर असतोच की.

समोर बबन. दिवसभर अक्षता टाकून वैतागलेला. त्यानं जो जीव खाऊन टाकला, तो चेंडू मला दिसलाच न्हाई. मागं नुसता खडखडाट ऐकू आला. तिन्ही दांडे मोसंबीच्या दिशेनं.

मी हसत हसत हात जोडले. "व्याहीबुवा, नो बॉल ना? परतीचा आहेर?"

हेनरीरावांनी बोट वर केलं. सरळ, झेंड्याच्या काठीसारखं. आणि शीतलकडं बघून काहीतरी पुटपुटले. पोरगी इतकी हसली, की तिला बोलता येईना.

"काय म्हणतेत गं?"

"म्हणतेत, आज दिवसभरात या मैदानावर खरा निकाल हा एकच लागला. आहेर म्हणून ठेवून घ्या, व्याहीबुवा."