कापसाच्या गाडीवरची चिलीम

मित्रहो, आज तिसऱ्या प्रहरी अमरावतीस सुखरूप पोहोचलो. तरी मन स्वस्थ नाही, म्हणून तुम्हां सर्वांस लिहितो.

हल्ली कापसाच्या तेजीमुळे भाड्याच्या गाड्या खाली कापूस भरतात आणि उतारूंना वर बसवितात. त्यामुळे उतारू चढण्यापूर्वीच गाडीवान प्रत्येकाची चकमक मागून घेतो. कापसात पडलेली ठिणगी लगेच भडकत नाही. ती आत धुमसते आणि वारा लागताच पेट घेते. हे मी शेजारी बसलेल्या सोनाजीबोवांना मोठ्या उत्साहाने समजावले होते.

गुडघ्यांनी अधू झालेल्या या म्हाताऱ्या शेतकऱ्याने अकोल्यापासून माझी विचारपूस केली, आपली भाकर मला दिली. वऱ्हाडात शिक्षक होऊन आल्यापासून माझ्याशी इतके कोणी बोललेच नव्हते.

आज सकाळी बडनेऱ्याच्या अलीकडे त्यांनी कनवटीची दुसरी चकमक काढून चिलीम पेटवली.

“काहून भेता, मास्तर? माह्या जीवाचं मी पाहून घेतो.”

“बोवा, गाडीत आपण सहा जण आहोत,” मी म्हणालो आणि गाडीवानास हाक मारली.

गाडीवानाने बैल थांबवले. “उतरा, बोवा! कापसावर चिलमीचा इस्तो चालत नाई.”

बोवा उतरले. “बसा आता ऐसपैस, मास्तर,” एवढेच म्हणाले आणि काठी टेकत मागे राहिले. पुढच्या वाटेत माझ्याशी कोणी बोलले नाही.

नियम योग्यच होता, हे मी अजूनही कारणांसह पटवून देईन. पण गाडीवानास हाक मारण्याऐवजी मीच हात पुढे केला असता, तर बोवांनी चकमक माझ्या हाती दिली असती काय?