बंदुकीच्या कपाटातला बल्ब

वडिलांची बारा बोअरची दुनळी माझ्याकडे आली त्याला आता तीन पावसाळे झाले. डुकरं भात उकरतात म्हणून राखणीसाठी तिचा परवाना काढलेला होता. वडील गेल्यावर तो थोरल्या भावाच्या नावावर झाला. वाटणीच्या बैठकीत मी म्हणालो, डोंगराकडचं खाचर तेवढं मला राहू दे, रस्त्याकडेच्या जमिनीतला हिस्सा सोडतो. बंदूक दे आणि परवाना बदलायला सही कर. लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. लोणावळ्यात पाडलेल्या बंगल्यांची दारं, खिडक्या, सागवान घेऊन विकणं हा माझा धंदा. कुणाच्या मदतीशिवाय उभा केलाय, आणि सौदा मी उगाच करत नाही. राखणीला वडिलांबरोबर मी जायचो. भाऊ आवाजाला भ्यायचा. बंदूक माझी, हे मला बैठकीआधीच ठाऊक होतं.

भावाने सही केली. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "घे. पर तुज्याच्यानं ती टिकायची न्हाई. तू इकायच्या वस्तू सांभाळतूस, ठेवायच्या न्हाई."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. ते वाक्य मात्र मी रोज स्वतःशी बोलत होतो.

त्याच्या घरी बंदूक चुलीमागच्या भिंतीवर दोन खुंट्यांना टांगलेली असायची. दस्ता धुराने काळा पडलेला. मला ते बघवत नसे. मी पुण्यातून आतून मखमल लावलेली चामड्याची पेटी आणली. दुकानदाराशी तासभर घासाघीस केली, दोनदा पायऱ्या उतरलो, तेव्हा कुठे तो वळणावर आला. बंदूक रिकामी केली, पुसली, तेल लावलं, दमट हवा शिरू नये म्हणून दोन्ही नळ्यांच्या तोंडात कापसाचे बोळे घट्ट बसवले. बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या पेटीत टाकल्या आणि जूनमध्ये पेटी कपाटात कुलूप लावून ठेवली.

दसऱ्याला उघडली. मखमल जिथे जिथे टेकली होती तिथे तिथे तांबडा गंज. नळीच्या मधोमध पाच बोटांचे ठसे उठले होते. ठेवताना मीच तिला तिथे धरलं होतं. मी मोठ्याने शिव्या दिल्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं. बायको नातवाला सांभाळायला महिनाभर म्हणून मुलाकडे तळेगावला गेली होती, ती तिकडचीच झाली. तिकडे कोणी आवाज चढवत नाही, असं ती म्हणते.

बंदूक पुण्यातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने आधी परवाना पाहिला, मग पेटीत नाक घालून वास घेतला.

"पेटी भारी आहे. पण बंदूक हिच्यात न्यायची असते, ठेवायची नसते. चामडं ओल धरून बसतं."

"दुकानदार तर म्हणाला होता—"

"त्याला पेटी विकायची होती. तुमचा धंदा कसला?"

मी सांगितलं.

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं," तो म्हणाला आणि घासत राहिला. थोड्या वेळाने विचारलं, "आधी कुठे असायची?"

"भावाकडे. चुलीमागच्या भिंतीवर."

"म्हणून टिकली. ऊब होती तिथे. कपाटात उभी ठेवा, पेटीशिवाय. आणि पावसाळाभर खाली एक बल्ब लावून ठेवा."

पुढच्या जूनमध्ये बल्ब लावला. एलईडी, नऊ वॅटचा. दिवसरात्र जळला तरी बिल वाढणार नाही, म्हणून मी स्वतःवर खूश होतो. जुलैत कपाट उघडलं तर आत दवाखान्यासारखा पांढरा उजेड, आणि त्या उजेडात नळीच्या तोंडाशी नवा गंज स्वच्छ दिसत होता.

मिस्त्रीला झापायला फोन उचलला आणि नंबर लावला वहिनीचा. का लावला ते आजही सांगता येणार नाही.

"भाऊजी? कोन मेलं?" वहिनी म्हणाली.

"कोणी नाही. बंदूक तुमच्याकडे होती तेव्हा तुम्ही तिला काय लावायचात?"

"काय न्हाई. सनाला पुसायची. का, गंजली व्हय?"

मी बल्बचं सांगितलं.

"पांढरा का पिवळा?"

"पांढरा."

ती हसायला लागली. "आवं, त्याला ऊब कुटं आसती? आमी कोंबडीच्या पिल्लांला पिवळा लावतो. पांढऱ्याखाली मरत्यात ती."

मागून भावाचा आवाज आला. "त्याला इचार, नळीत बोळं घातल्यात का."

"घातलेत," मी म्हणालो.

"घातल्यात म्हनत्यात."

"काढ म्हनावं. हवा जाऊ दे आतनं. लय शाना झालाय."

एरवी एवढ्यावर मी फोन आपटला असता. त्या दिवशी निमूट बोळे काढले. कापूस ओला होता.

ते जुने तारेचे पिवळे बल्ब लोणावळ्यात चार दुकानं फिरूनही मिळाले नाहीत. वहिनीने गावाकडून, कान्ह्याहून, इकडे कामाला येणाऱ्या एका बाईबरोबर दोन पाठवले, जुन्या डब्यात भाताच्या तुसात पुरून. तेव्हापासून दर शनिवारी मी कपाट उघडतो, नळीवरून तेलाचं फडकं फिरवतो आणि फोन करतो. कपाटातून गरम हवा येते, तेलाच्या वासाची. पावसाळ्यात या घरात तेवढीच जागा कोरडी. मफलर आणि स्वेटर मी आता खालच्या कप्प्यात ठेवतो.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी फोन भावानेच घेतला.

"बगितली का?"

"बघितली."

"गंज?"

"नाही."

"बरं."

एवढंच. हा पावसाळाभरही एवढंच. बायकोचं, त्याच्या गुडघ्याचं, रस्त्याकडेच्या जमिनीचं त्याने काही विचारलं नाही, मीही काढलं नाही. पण आठवड्यात माझ्याशी भाव न पाडता बोलणारा तो एकटाच होता.

परवाच्या शनिवारी ऊन पडलं होतं. बंदूक लख्ख होती. तीन वर्षांत पहिल्यांदा मी जिंकलो होतो, आणि ते त्याला ऐकवायचं म्हणून फोन लावला. मी बोलायच्या आधी तोच म्हणाला, "आता पाऊस सरला. बल्ब काढून ठिव. फोन कराया नगं आता, जूनपतुर."

मी जूनपर्यंतचे महिने मोजले.

"एक ठिपका दिसतोय," मी म्हणालो. "चापाजवळ."

"केवढा?"

"तिळाएवढा."

"मी म्हनलोच हुतो. तुज्याच्यानं टिकायची न्हाई."

"म्हणाला होतास."

"हात लावू नगंस. उद्या येतो. सकाळची गाडी धरतो कान्ह्यावरनं."

फोन ठेवून मी भिंग घेतलं आणि चापाजवळ पुन्हा पाहिलं. तिथे काही नाही. त्याची नजर अजून चांगली आहे, त्याला लगेच कळेल. बल्ब मी काढलेला नाही.