भीमाबाईचं राहून गेलेलं गूळ-खोबरं

रायपूरजवळच्या बीरगांवच्या त्या गल्लीत टाइल्स आल्या आणि एकेका घरानं उंबरे उखडून फेकले. भीमाबाईच्या घरी मिस्त्री आला तसाच परत गेला. "बिनउंबऱ्याचं घर म्हंजे धर्मशाळा! हात लावून तर पाह्य त्याले!" असा तिनं त्याला दम भरला होता. रेल्वेतून रिटायर होताना नवऱ्यानं बांधलेलं घर. नवरा गेला, सागवानी उंबरा राहिला. चांगला टीचभर उंच. रोज सकाळी ती तो ओल्या फडक्यानं पुसायची, हळदकुंकू वाहायची, आणि त्याच्यावर कोणी पाय दिला की आपल्याच डोक्यावर दिल्यासारखी कडाडायची. दूधवाल्या भैयानं एकदा दिला होता. तेव्हापासून तो दूध फाटकावरच ठेवून पळतो.

तर अशा या भीमाबाईच्या जिवाला एकच घोर होता, आणि तोही उंबऱ्याचाच. वर्ध्याकडून आलेल्या त्या घराण्याची रीत अशी, की लेकरू पहिल्यांदा आपल्या पायानं उंबरा ओलांडतं तेव्हा गल्लीभर गूळ-खोबरं वाटायचं. तिच्या नातीचं, शर्मिष्ठाचं, ते राहून गेलं होतं. शमी नऊ वर्षांची झाली तरी राहिलंच होतं.

शमी दिवस भरायच्या आधीच जन्मली. बोलायला चुरचुरीत, डोक्यानं तल्लख, पण पाय ऐकायचे नाहीत. उभं केलं की गुडघे एकमेकांना घासायचे, टाचा भुईला टेकायच्या नाहीत. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी हे नाव सांगितलं. भीमाबाईला नावाशी काय करायचं होतं? ती पोरीला कडेवर घ्यायची आणि उंबरा ओलांडायची. पोर वाढत गेली, आजीची कंबर वाकत गेली. शेजारची रमा म्हणायची, "काकू, वाटून टाका न गूळ-खोबरं. कडेवरून गेली का पायानं गेली, देव काय हिशेब ठेवते?"

"देव नसन ठेवत, मी ठेवीन," भीमाबाई म्हणायची. "माही पोट्टी आपल्या पायानं जाईन तवाच वाटीन. नाही तर माह्या तेराव्याले वाटजा!"

मग नव्या रायपुरात चालण्याचा अभ्यास करणारं एक केंद्र निघालं. लकवा मारलेली मोठी माणसं आणि शमीसारखी लेकरं, दोघांच्याही मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. तो पोचवायचा कसा, हे तिथं शोधत होते. भीमाबाईचा मुलगा विशाल उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर, सून लता शिवणकामात गढलेली. म्हणजे नातीला न्यायचं कोणी? आजीनंच. रुंद रुंद रस्ते, आणि बस म्हणाल तर उंबराचं फूल! पण भीमाबाई थांब्यावर अशी ठाण मांडून बसायची, की बसला यावंच लागे.

पहिल्याच दिवशी तिनं तिथं गोंधळ घातला. मोठा हॉल, भिंतींवर कॅमेरे, जमिनीवर पावलाचा भार ओळखणारी लांब चटई, छताला पट्टे, पोर पडू नये म्हणून. पूर्णिमा नावाच्या तरुण संशोधक पोरीनं शमीच्या सांध्यासांध्यांवर चकाकते मणी चिकटवले. कॅमेऱ्यांना तेवढे मणीच दिसायचे आणि त्यावरून कंप्यूटर पोरीची चाल काढायचा. पण त्या दिवशी कंप्यूटर वेड्यासारखं करू लागला. शमीला एक सांधा जास्तीचा, तोही हवेत तरंगणारा! पूर्णिमानं तारा तपासल्या, कॅमेरे पुसले. शेवटी तिची नजर शमीच्या कपाळाकडे गेली. तिथं आजीनं लावलेली चमचमती टिकली.

"आजी, ही टिकली काढावी लागेल."

"काहून? लेकीच्या जातीले उघड्या कपाळानं उभं करू का तुह्या मशीनसमोर?"

शेवटी साध्या कुंकवावर तडजोड झाली. मशीन सुरू झालं, आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची एक पोर चालू लागली. तीच मान, तोच डावीकडचा झोक. भीमाबाई खुर्चीतून उठलीच. "अवं माय! हे तं आमची शमी! निस्ते ठिपके, तरी वळखू येते वं!" पूर्णिमा हसली, आणि दोघींची तिथून गट्टी जमली.

पूर्णिमा आठवड्याआठवड्याला पट्ट्याचा आधार थोडा कमी करायची. बाजूच्या चटईवर लकव्यातून उठलेले श्यामराव चालायचे. ते शमीला डिवचायचे, "ये पोट्टे, लाव शर्यत!" छत्तीसगडात वाढलेली शमी हिंदीतून उलटा जबाब द्यायची, "दादाजी, आप तो कछुआ हो!" आणि त्या जिद्दीत पुढे सरकायची. आणि एका सोमवारी, अहो, पट्टा सैल लोंबत राहिला, पूर्णिमाचे हात मागेच राहिले, आणि शमी दोन कुबड्यांवर हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला गेली! श्यामरावांनी चांगल्या हातानं मांडीवर थाप मारली. भीमाबाई रडत होती की हसत होती ते तिलाही कळत नव्हतं.

परतताना तिला धीर कुठला? बसमध्येच तिनं कंडक्टरला सांगितलं, गल्लीत शिरताच सगळ्यांना सांगितलं, "उद्या सकाळी या! उद्या माह्या घरचं गूळ-खोबरं हाय!" रात्री खोबरं किसलं, गूळ फोडला. सकाळी अर्धी गल्ली परछीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, गोळा झाली.

शमी कुबड्या टेकत दारापर्यंत आली. छान आली. आणि उंबऱ्यापाशी थांबली. एक पाय उचलला, तो टीचभर लाकडापर्यंत पोचेना. पुन्हा उचलला. गुडघे एकमेकांत अडकले, कुबडी घसरली आणि पोर मटकन खाली बसली. मग जी रडायला लागली! बाया एकेक करून पदर सावरत निघून गेल्या. खोबऱ्याचं ताट तसंच झाकून ठेवलं.

विशाल त्या दिवशी घरीच होता. तो तडक करवत घेऊन आला. "आई, बस झालं. कापून टाकतो हा उंबरा. पोरीपेक्षा लाकूड मोठं हाय का?"

"कापशीन, पण पहिले मले कापशीन!" भीमाबाई दारात आडवी झाली. "आज घरचा कापशीन. अन् उद्या शाळेची पायरी? बसची पायरी? साऱ्या दुनियेले करवत लावत फिरशीन का?"

विशालनं करवत टाकली आणि तोंड फिरवलं. तो रडत होता.

पुढच्या फेरीला भीमाबाई पूर्णिमावर तुटून पडली. "तुह्या हॉलात सारं गुळगुळीत! आमच्या घरी उंबरा हाय, हे तुह्या मशीनले माहीत नाही का?" पूर्णिमा शहरातल्या समता कॉलोनीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, तिथं उंबरा असतो कुठे? पण पोर गुणाची. चिडली नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिनं नत्थू सुताराकडून तसाच लाकडी ठोकळा करवून चटईवर ठेवला.

"शमी, एकदम पलीकडे नाही जायचं. पहिले पाय याच्यावर ठेव. मग दुसरा पाय. मग खाली उतर. सोपं आहे."

शमीनं पाय उचलला. तो ठोकळ्याच्या वर आला, अगदी वर, आणि तिथंच थरथरत राहिला. टेकेना. पूर्णिमा म्हणाली, ठेव. श्यामराव म्हणाले, ठेव. पोरीनं पाय मागे घेतला.

"क्या हुआ, बेटा? डर लग रहा है?" पूर्णिमानं तिच्याच हिंदीत विचारलं.

"डर नहीं लग रहा, दीदी. उंबरे पे पाँव नहीं देते," शमी म्हणाली. "आजी चिल्लाती है."

नऊ वर्षं कडेवर घेऊन उंबरा ओलांडताना भीमाबाई पोरीच्या कानात हेच तर सांगत आली होती: पाय लागू देऊ नको माय, पाय लागू देऊ नको. पायांनी कधी कोणाचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं हे! "ठेव वं पोरी, मी नाही चिल्लावत," ती कशीबशी म्हणाली. पण शमीनं आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला ते खरं वाटलं नाही. खरं तर भीमाबाईलाही वाटलं नव्हतं.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. विदर्भाकडच्या घरात हा सण म्हणजे काय विचारता! घरात पुरण शिजत होतं, परछीत लता मुखवटे ताटात घेऊन उभी होती, बायका जमल्या होत्या, आवतण दिलेली पूर्णिमाही आली होती. शमी परछीतल्या खुर्चीवर बसलेली. भीमाबाई ओणवी होऊन कुंकवाची पावलं काढत होती, फाटकापासून देवघरापर्यंत. देवी त्याच पावलांवरून घरात यायची. दरसालची सवय, हात आपसूक चालत होता. परछी झाली, उंबरा आला, आणि हातानं नेहमीसारखंच उंबऱ्याच्या मधोमध एक पाऊल उमटवलं.

भीमाबाई तिथंच खिळली. ती त्या पावलाकडे पाहत राहिली. "अवं," ती पुटपुटली, "हे तं मीच काढतो दरसाल!"

आणि मग तिचा आवाज फाटकाबाहेर गेला. "शमे! ऊठ! इकडे ये! हे काय हाय, सांग?"

"देवी का पाँव."

"कुठी हाय?"

शमीनं पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. "उंबरे पे!"

"देवी देते न पाय उंबऱ्यावर? तिले चिल्लावली का मी कधी? तिच्या पावलावर पाऊल ठेव अन् ये घरात. देवीच्या पुढं तूच ये आज!"

लता मुखवट्यांचं ताट धरून बाजूला सरकली. पूर्णिमा धावत जाऊन पोरीच्या मागे उभी राहिली, हात न लावता. शमी कुंकवाचं एकेक पाऊल बघत आली. कुबड्या आत टेकल्या. पाय उचलला, वर आला, थरथरला, आणि टेकला. लाल पावलावर बरोब्बर टेकला! टाचसुद्धा खाली! मग दुसरा पाय घासत, ओढत वर आला. पोर क्षणभर चक्क उंबऱ्यावर उभी होती, आणि भीमाबाई चिल्लावली नाही. ती आत हात पसरून उभी होती. मग पहिला पाय आत उतरला. मग दुसरा.

परछीत कालवा झाला. रमानं थाळी वाजवली. भीमाबाईला मात्र रीत आठवली. देवी घरात येताना घरच्या मोठ्या बाईनं विचारायचं असतं, आणि सगळ्यांनी 'सोन्याच्या पावलानं' म्हणायचं असतं. तिनं विचारलं, "कोण आली वं?"

"महालक्ष्मी आली!" बाया ओरडल्या.

"कशाच्या पावलानं आली?"

बायांनी तोंड उघडायच्या आत शमी बोलली. आजीनं कितीही मराठीत विचारलं तरी कायम हिंदीत उत्तर देणारी पोर घामाघूम, धापा टाकत, मराठीत बोलली:

"माह्या पावलानं आली, आजी."

भीमाबाईनं तिला छातीशी धरलं. मग डोळे पुसत ती स्वयंपाकघरात धावली आणि डब्यामागून डबे उघडत सुटली. गूळ सापडला, खोबऱ्याची वाटी सापडली, पण किसणी काही केल्या दिसेना. "राहू द्या किसणी!" ती आतूनच ओरडली. "फोडून देतो! कोणी गूळ-खोबरं घेतल्याबिगर जाऊ नका!"